निपाणीच्या पुढे एक

१५

आसावरीची सकाळ हजेरीनं सुरू व्हायची. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका मालवाहतूक कंपनीच्या मुख्य ऑफिसात तिची राउटरची खोली होती. साडेनऊ वाजले की ती मशीनवरचं टेबल, म्हणजे शाखा आणि त्यांच्या अंतरांची यादी, बघायची, रजिस्टर उघडायची आणि एकेका शाखेला फोन लावायची. होसकोटे, नेलमंगला, तुमकूर, शिरा असं हायवेनं वर वर जात शेवटी निपाणी. चौदा शाखा, प्रत्येकीत एक राउटर, एकाला पुढचा जोडलेला. १९९७ साली अशी सोय भल्याभल्या कंपन्यांकडे नव्हती. ही आसावरीनं दोन वर्षं बस आणि लॉऱ्यांतून हिंडून स्वतः उभी केली होती, आणि तिला त्याचा माज होता. असायलाच हवा होता.

राउटर म्हणजे काय, असं कुणी विचारलं की ती सांगायची, नाक्यावर बसलेला पत्ता सांगणारा माणूस. त्याला अख्खा रस्ता कधीच माहीत नसतो. दर तीस सेकंदांनी शेजारी त्याला कळवतो, की मला अमुक ठिकाणी इतक्या टप्प्यांत पोचता येतं. हा त्यात एक मिळवतो आणि पुढच्याला तेच कळवतो. खरं-खोटं कोणी तपासत नाही, सगळा कारभार शेजाऱ्याच्या शब्दावर. टप्पे जास्तीत जास्त पंधरा. सोळा म्हणजे तिथं पोचता येत नाही.

टेबलमध्ये रोज मुख्य ऑफिस सोडून चौदा ओळी असायच्या. होसकोटे एक टप्पा, निपाणी चौदा. त्या सोमवारी पंधरावी ओळ होती. शाखा क्रमांक दोनशे, अंतर पंधरा.

दोनशे क्रमांक तिनं कुणालाच दिला नव्हता. तिनं निपाणीला फोन लावला. तिथला कल्लाप्पा नेहमीप्रमाणे दहाव्या रिंगला उचलता झाला.

"कल्लाप्पा, तुमच्या पुढं कुठलं नवं मशीन जोडलं काय?"

"माझ्या म्होरं कोण हाय अक्का? म्होरं तंबाखूच्या वखारी, आन मग महाराष्ट्र. आन ते उंदरांचं काय केलं तुम्ही? तीनदा अर्ज दिलाय. उद्या वायर खाल्ली तर माझ्या नावानं बोंबलू नका."

उंदरांचं बघते म्हणाली आणि तिनं रजिस्टरमध्ये निपाणीपुढे टिकमार्क केली. कुठंतरी आकडा चुकला असेल, असं स्वतःला समजावून ती चहाला गेली.

१४

मंगळवारी साडेनऊला दोनशेचं अंतर चौदा झालं होतं. म्हणजे ते जे काही होतं ते आता निपाणीतच होतं.

कल्लाप्पानं पहिल्या रिंगला फोन उचलला.

"लाइन ठीक आहे," तो म्हणाला. "इथं कोणी आलं नाही."

आसावरीनं हे विचारलंच नव्हतं. ती उंदरांबद्दल ऐकायची वाट बघत राहिली. पलीकडे पंखा फिरल्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. दोन वर्षांत कल्लाप्पानं तक्रार न करता फोन ठेवल्याचा हा पहिलाच दिवस होता.

१३

बुधवारी ते संकेश्वरला होतं, आणि संकेश्वरचा माणूस म्हणाला, इथं कोणी आलं नाही.

आता आसावरीचं डोकं फिरलं. तिला चुकीच्या बातम्यांची सवय होती. एखादी शाखा बंद पडली की दोन राउटर एकमेकांना जुनीच खबर देत बसतात. हा म्हणतो तुझ्याकडून वाट आहे, तो म्हणतो तुझ्याकडून. पण दर वेळी एक मिळवला जातो, म्हणून अशी खोटी खबर वाढत वाढत सोळापर्यंत जाते आणि मरते. खोटं नेहमी लांब जातं. जवळ येणारं खोटं तिनं पाहिलं नव्हतं.

तिनं आपल्या मशीनला हुकूम दिला, दोनशेबद्दल कुणी काही सांगितलं तर ऐकायचं नाही. ओळ गेली. ती दिवसभर गेलेलीच राहिली. गुरुवारी साडेनऊला परत हजर, अंतर बारा. हुकूम जागच्या जागी होता, मशीन तो पाळतही होतं, आणि तरी ओळ होती.

मग ती साहेबांकडे गेली. गुरुराज हे तिचे साहेब. मूळचे तुमकूरचे, पोटानं मोठे आणि मनानं वाईट नाहीत, पण दसऱ्याच्या तोंडावर त्यांना बिल्ट्यांशिवाय काही दिसत नसे. लॉरीची प्रत्येक बिल्टी, म्हणजे मालाची पावती, त्या लाइनवरून जायची.

"सर, मला एक दिवस लाइन तोडायची आहे. निपाणीकडून काहीतरी येतंय."

"काय येतंय? व्हायरस?"

"माहीत नाही."

"मग माहीत झाल्यावर सांगा. बिल्ट्या जातायत ना? आयुधपूजेला मशीनं अर्धा तास बंद ठेवायची आहेतच, तेव्हा काय ते करा. तोवर स्वल्प सांभाळून घ्या, आसावरी. एका ओळीसाठी चौदा शाखा बंद केल्या तर मला तुमच्या जागी दुसरं माणूस बघावं लागेल."

ती मुकाट्यानं परत आली. मुकाट्यानं म्हणजे तोंडानं. मनात ती त्यांना बरंच काही बोलली. आयुधपूजेला किती दिवस आहेत ते तिनं कॅलेंडरवर मोजलं, मग टेबलकडे बघितलं, आणि पुन्हा मोजलं. पूजेच्या दिवशी अंतर एक होणार होतं.

एक म्हणजे होसकोटे. होसकोट्याच्या गोदामात ऑपरेटरच्या खुर्चीवर तिचे वडील बसत. आई गेल्यावर निपाणीतलं बिऱ्हाड मोडून तिनंच त्यांना इकडे आणलं होतं, तिनंच साहेबांकडे शब्द टाकून ती खुर्ची मिळवून दिली होती.

९

हावेरीच्या गंगव्वाला मराठीचा एक शब्द येत नसे. दोघींचं रोजचं बोलणं कन्नडात, आणि सुरुवात ठरलेली. लाइनचं नंतर, आधी "तिंडी आयता?" नाश्ता झाला का हे कळल्याशिवाय गंगव्वा कामाचं बोलायचीच नाही.

त्या सकाळी पहिल्या रिंगला फोन उचलला गेला. आसावरीनं मुद्दाम आधी विचारलं, "गंगव्वा, तिंडी आयता?"

"लाइन ठीक आहे," गंगव्वा स्वच्छ मराठीत म्हणाली. "इथं कोणी आलं नाही."

आसावरीनं फोन ठेवला. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. टेबलवर होता. टेबल सांगत होतं ते गंगव्वाच्या खोलीत आहे, आणि गंगव्वा सांगत होती नाही. दोघांपैकी खोटं बोलायला टेबलला काही कारण नव्हतं.

हुबळीपासून निपाणीपर्यंतच्या पाच शाखांची बिल्ट्यांची कामं मात्र बिनचूक चालली होती. एकही चूक नाही, उशीर नाही, तक्रार नाही. गुरुराज खूश होते.

४

शिऱ्याचा योगीराज चेष्टेखोर होता. हजेरीच्या वेळी तो "हजर, बाई" असं शाळेतल्यासारखं म्हणायचा. आसावरीनं त्याला नऊ पंचविसालाच फोन लावला.

"योगीराज, एक काम करा. रिसीव्हर मशीनशेजारी ठेवा आणि तुम्ही बाहेर जाऊन उभे राहा. दहा मिनिटं आत येऊ नका."

"मशीन काय गाणं म्हणणार आहे?"

"म्हटलं तर मी ऐकीन. तुम्ही जा."

तो हसत गेला. त्याच्या चपलांचा आवाज लांब गेला, दार लागलं. मग आसावरी ऐकत बसली. शिऱ्याच्या खोलीतला पंखा, त्यात एक पातं घासत होतं. बाहेरून गेलेली लॉरी. मशीनची बारीक घरघर. स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ ती बघत होती. अठ्ठावीस. एकोणतीस.

साडेनऊला शिऱ्याच्या त्या रिकाम्या खोलीत खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. लाकडी खुर्ची, फरशीवरून, सावकाश. कुणीतरी टेबलाशी नीट बसताना ओढतं तशी. दार उघडल्याचा आवाज त्याआधी झाला नव्हता.

"योगीराज?"

दार आता उघडलं. चपला जवळ आल्या. मध्येच थांबल्या. बराच वेळ थांबल्या. आसावरी रिसीव्हर कानाला इतका दाबून बसली होती की कान दुखायला लागला.

मग रिसीव्हर उचलला गेला.

"लाइन ठीक आहे," योगीराज म्हणाला. "इथं कोणी आलं नाही."

तिला रडू आलं. तिनंच त्याला ती खोली रिकामी करायला लावली होती, तिनंच त्याला बाहेर उभं केलं होतं, आणि उपयोग काडीचा झाला नव्हता. खोलीत माणूस असो नसो, ते येऊन बसत होतं; आणि ज्याची ती खोली, तो परत येऊन त्याला बघत होता आणि नाही म्हणत होता.

२

नेलमंगल्याहून तेच वाक्य ऐकून झाल्यावर तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोन बस बदलून होसकोट्याला गेली.

तिचे वडील, गुंडोआप्पा, गोदामाच्या ऑपरेटरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. समोरचा चहा थंड झाला होता.

"हा चहा बघ," ते म्हणाले. कशी आहेस वगैरे भानगड नाही. "साखरेचा पाक. तीन महिने सांगतोय त्या कँटीनवाल्याला. सरी सर, सरी सर म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी परत पाक."

"आप्पा, उद्या कामावर जाऊ नका."

"का?"

तिनं सगळं सांगितलं. सांगताना तिला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत. पेपरची घडी घालून त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे मी उठलो तरी ते इथं बसणार."

"हो. पण तुम्ही खोलीत परत आलाच नाहीत तर..."

"आणि परवा? तेरवा? खुर्ची त्याला देऊन मी कुठं जाऊ, तुझ्या घरी टीव्ही बघत बसू?" गुंडोआप्पांनी चष्मा काढून पुसला. "तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत बसलो. वखारीच्या दारात कोण कोण येऊन उभं राहायचं, तुला सांगितलं नाही कधी. माझी जागा सोडून मी उठलो नाही. उद्या आलं तर आलं म्हणेन. खोटं कशाला बोलू?"

"सगळे तसंच म्हणाले असते, आप्पा."

त्यांचा हात चहाच्या ग्लासवर होता, आणि तो हात किती म्हातारा झालाय हे तिला आज दिसलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती विचार करत राहिली. वडील हलणार नव्हते, तिच्यासारखेच हट्टी. लाइन तोडून भागणार नव्हतं. तिचं मशीन ऐकत नव्हतं तेव्हाही ते चालतच आलं होतं. आणि मग मडिवाळाच्या आसपास कुठंतरी तिच्या लक्षात आलं, की इतके दिवस ती त्याला नको म्हणत होती. ते कसं चालतं, ते मात्र तिला रोज टेबलात दिसत होतं. ते तिच्याच राउटरांच्या कायद्यानं चालत होतं, एक एक टप्पा, शेजाऱ्याच्या शब्दावर. आणि त्या कायद्यात ज्याचं अंतर सगळ्यात कमी, त्याच्याकडे वाट वळते.

तिला भीती वाटली. पण बरंही वाटलं, कारण आता करण्यासारखं काहीतरी होतं.

१

आयुधपूजेच्या सकाळी ऑफिस झेंडूनं भरलं होतं. लॉऱ्या धुऊन ओळीनं उभ्या, टायपरायटरला गंध, फॅक्स मशीनला हार. राउटरच्या खोलीत भटजी आधीच येऊन बसले होते आणि गुरुराज नव्या धोतरात घाम पुसत होते.

"मुहूर्त नऊ वीसचा आहे, आसावरी. मशीन बंद करा."

"नऊ अठ्ठावीसला करते."

"मुहूर्त नऊ वीसचा."

"सर, मशीन बंद झालं तरी शेजारी त्याचा शेवटचा शब्द तीन मिनिटं खरा धरतात. मला तो शब्द साडेनऊपर्यंत टिकायला हवा. अठ्ठावीसच्या आधी कोणी बटणाला हात लावायचा नाही."

ती बटणापुढे उभी राहिली. गुरुराजांनी तिच्याकडे बघितलं, भटजींकडे बघितलं. त्यांचा आवाज खाली आला, आणि तो चढण्यापेक्षा वाईट होता.

"तुम्हाला ही नोकरी हवी आहे ना?"

"हवी आहे. म्हणूनच करतेय."

आणि पाठ फिरवून तिनं टाईप केलं. दोनशे क्रमांक इथं आहे. माझ्याकडे. अंतर शून्य.

तिची बोटं शेवटच्या कळीवर थांबली. हे लिहिणं म्हणजे कुणाला तरी घरी बोलावणं होतं, हे तिला कळत होतं. तिनं कळ दाबली. पडद्यावर ओळ बदलली. नऊ पंचवीस. तीस सेकंदांत होसकोट्याला कळणार होतं, मग नेलमंगल्याला: ते आसावरीकडे आहे, दुसरीकडे कुठं थांबायचं कारण नाही.

नऊ अठ्ठावीसला तिनं स्वतः बटण बंद केलं आणि प्लगही भिंतीतून उपटला. भटजींनी राउटरला हार घातला, मॉनिटरच्या काळ्या काचेवर कुंकवाचा ठिपका लावला, घाईघाईनं दोन मंत्र म्हटले. मग सगळे कोहळा फोडायला फाटकाकडे गेले.

खोलीत ती एकटी राहिली. या खोलीतला पंखा दोन महिने बिघडलेला होता, त्यामुळे आवाज करणारं काहीच उरलं नव्हतं.

राउटरच्या मागच्या अंगाला शेवटी एक खोबण होती, जिला कधीच वायर लागली नव्हती. तिच्याशेजारचा बारीक हिरवा दिवा लागला. प्लग तिच्या हातात होता. दिवा झेंडूच्या हारामागून लुकलुकत राहिला.

मागं खुर्ची ओढली गेली. पाहुण्यांची खुर्ची, दाराजवळची. सावकाश.

आसावरी वळली नाही. समोरच्या काळ्या काचेत, कुंकवाच्या ठिपक्याखाली, तिला स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि तिच्या खांद्यामागं ती खुर्ची. खुर्चीत बसलेलं जे होतं त्याचं तोंड तिच्याकडे असायला हवं होतं, कारण खुर्ची तिच्याकडे तोंड करून होती. काचेत मात्र पाठ दिसली.

टेबलावरचा फोन वाजला. तिनं तो उचलला.

"लाइन बंद आहे," पलीकडून गुंडोआप्पा म्हणाले.

"आप्पा. कोणी आलं?"

"दाराशी कोणीतरी थांबलं. आत आलं नाही. वळलं आणि गेलं." "आणि आज सणाचा दिवस म्हणून त्या शहाण्यानं चहात साखर दुप्पट घातलीय. तू बोल त्याच्याशी. माझं ऐकत नाही तो."

आसावरीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती रडत होती आणि हसतही होती, आणि काचेतली पाठ जागची हलली नव्हती.

"बोलते," ती म्हणाली. "उद्या येऊन बोलते त्याच्याशी."

०

फाटकाशी कोहळा फुटल्याचा आवाज आला, माणसांचा गलका आला. थोड्या वेळानं प्रसादाची पुडी घेऊन गुरुराज दारात उभे राहिले. राग ओसरलेला दिसत होता. ते आत यायला निघाले आणि उंबऱ्यातच थांबले. त्यांची नजर पाहुण्यांच्या खुर्चीपर्यंत गेली आणि तिथून त्यांनी ती चटकन काढून घेतली.

"आसावरी," ते हळू म्हणाले. "खोलीत कोणी आलंय का?"

वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. स्वच्छ, गुळगुळीत, जिभेवर ठेवलेलं. ते म्हटलं की सगळं सोपं होणार होतं. भीती जाणार होती, बिल्ट्या बिनचूक जाणार होत्या आणि गुरुराज निश्चिंत होऊन परत फिरणार होते. ते वाक्य ओठांपर्यंत आपोआप येत होतं. तिनं दात घट्ट आवळले. कल्लाप्पाचे उंदीर आठवले, गंगव्वाचा नाश्ता आठवला, योगीराजचं "हजर, बाई" आठवलं.

तिनं रजिस्टर पुढे ओढलं. मुख्य ऑफिसची ओळ तिथं रोज कोरी असायची, कारण स्वतःची हजेरी कोणी घेत नसे. तिथं तिनं पेन दाबून लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हटलं,

"आलंय."

मागं खुर्ची करकरली.

"आलंय, सर. इथं बसलंय. मी बोलावलंय, आणि इथून पुढं कुणाकडे जाऊ देणार नाही." आवाज तिनं खाली येऊ दिला नाही. "आणि दुसरं म्हणजे, या खोलीतला पंखा दोन महिने बंद आहे. तीनदा अर्ज दिलाय. आज तो दुरुस्त झाला पाहिजे."